ध्वनिवर्धकास वीज पुरविण्याच्या दोन रीति

ज्यांच्या घरीं पूर्वीं ट्रान्झिस्टर रेडिओ होता, त्या पालकांस ‘बॅटरी एलिमिनेटर’ नांवाची चौकोनी डबी आठवत असेल. ती हातांत घेतली म्हणजे दगडासारखी जड लागे आणि तासभर चालली कीं कोंबट होई. तिच्याशेजारीं आजचा मोबाइलचा चार्जर ठेवून पाहावा. आकारानें तो तिच्याहून लहान, वजनानें तर फारच हलका, आणि असें असूनहि शक्ति देण्यांत तिच्या पुढें. दोघांचें काम मात्र एकच : भिंतींतील वीज घ्यावयाची आणि यंत्राला पचेल अशी करून द्यावयाची. हा चमत्कार कसा घडला, आणि घरीं गाणें ऐकण्यासाठीं घ्यावयाच्या अ‍ॅम्प्लिफायरला या दोहोंपैकीं कोणती रीति मानवते, याचा विचार आम्ही येथें करणार आहों. प्रश्न शास्त्राचा आहे तितकाच घरखर्चाचाहि आहे. दुकानदार ‘लिनियर देऊं कीं एस. एम. पी. एस. देऊं ?’ असें विचारतो, आणि घेणारा बहुधा जी पेटी जड ती चांगली, किंवा जी स्वस्त ती बरी, एवढ्यावर निकाल देऊन मोकळा होतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अ‍ॅम्प्लिफायर लहान आवाज घेऊन तो फुगवून मोठा करतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तसें होत नाहीं. कर्ण्यामधून जो प्रवाह वाहतो तो सारा वीजपुरवठ्याच्या पेटींतूनच आलेला असतो. गाण्याचा बारीक संकेत केवळ नळाच्या चावीवर ठेवलेल्या हातासारखा असून तो चावी कमीजास्त उघडतो इतकेंच. पाणी टांकींतलें, हात गवयाचा. यावरून टांकींतलें पाणी गढूळ असलें तर नळांतून तें गढूळच येणार, हें ओघानेंच आलें. वीजपुरवठ्याचा विचार करावयाचा तो एवढ्यासाठीं.

भिंतींतील वीज २३० व्होल्टची असते आणि ती सेकंदास ५० वेळां पुढें जाऊन मागें येते. अ‍ॅम्प्लिफायरमधील ट्रान्झिस्टरांना अशी झोके घेणारी वीज चालत नाहीं. त्यांस एकाच दिशेनें वाहणारी, शांत व बऱ्याच कमी दाबाची वीज लागते. ८ ओहमच्या कर्ण्यांत ५० वॉट शक्ति घालावयाची, तर गाण्याच्या शिखराशीं सुमारे २८ व्होल्ट लागतात. म्हणून अशा अ‍ॅम्प्लिफायरला शून्याच्या वर ३५ व खालीं ३५ व्होल्ट देण्याची वहिवाट आहे.

जुनी रीति, जिला लिनियर म्हणतात, ती समजण्यास सोपी आहे. प्रथम ट्रान्स्फॉर्मर. लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेचे दोन वेटोळे असतात; एकांत झोके घेणारी वीज सोडली कीं गाभ्यांतील चुंबकत्व झोके घेऊं लागतें, व त्यामुळें दुसऱ्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं लंडन येथें लोखंडी कड्यावर तारा गुंडाळून हा प्रयोग केला. आजच्या उत्तम अ‍ॅम्प्लिफायरमध्यें जो वाटोळा, वड्यासारखा ट्रान्स्फॉर्मर दिसतो तो त्या कड्याचाच वंशज होय. दाब उतरला कीं चार डायोड विजेला एकच दिशा लावून देतात. परंतु अशा विजेंत सेकंदास शंभर उसळ्या राहतातच. त्या सपाट करण्यासाठीं कपॅसिटर लागतो, ज्यास आमच्याकडील दुरुस्ती करणारे अद्यापि जुन्या नांवानें ‘कंडेन्सर’ म्हणतात.

या कंडेन्सरचें काम आमच्या भागांतील मुलांस समजावून देणें अगदीं सोपें आहे. त्यांनीं तारपा वाजविणाऱ्याकडे पाहावें. तो नाकानें श्वास घेत असतांहि सूर तुटत नाहीं, कारण तेवढा वेळ गालांत सांठविलेला वारा भोपळ्यांत जात असतो. दोन उसळ्यांच्या मधल्या अवधींत कंडेन्सर नेमकें हेंच करतो. मात्र गाल कितीहि मोठे असले तरी वारा थोडा उतरतोच. १०,००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असून अ‍ॅम्प्लिफायर २ अँपिअर प्रवाह ओढीत असला, तर एका उसळीपासून दुसरीपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागांत, दाब जवळजवळ २ व्होल्टनीं ढळतो. हाच चढउतार कर्ण्यांत शिरला म्हणजे ‘हमिंग येतें’ असें आपण म्हणतों. तो १०० आवर्तनांचा स्वर आहे. पेटीवर पाहूं गेल्यास खर्जांतील पांढरी पांच ९८ आवर्तनांची, म्हणजे हमिंग तिच्याहून किंचित् चढें. गवयाचा षड्ज कोणताहि असो, त्याच्याशीं न जुळणारा हा दुसरा तंबोरा मागें अखंड वाजत राहतो. ज्याचा कान तयार आहे त्याला तो आवाजाच्या लहानपणापेक्षां अधिक छळतो.

आतां जडपणाचें कारण. ट्रान्स्फॉर्मरमधील तारेच्या एका वेढ्यास किती व्होल्ट झेपतील हें तीन गोष्टींवर ठरतें : गाभ्याची जाडी, त्यांत मावणारें चुंबकत्व, आणि सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या. दहा चौरस सेंटिमीटर जाडीच्या लोखंडी गाभ्यावर ५० आवर्तनांच्या विजेचा हिशेब केला तर एका वेढ्यास पाव व्होल्टहून थोडें अधिक येतें. म्हणजे २३० व्होल्टसाठीं साडेआठशेंहून अधिक वेढे गुंडाळणें प्राप्त. लोखंड भरपूर आणि तांबेंहि भरपूर. आवर्तनें वाढलीं तर मात्र तेंच काम लहान गाभ्याकडून होतें. जर्मनी व स्वित्झर्लंड या देशांत रेल्वेची वीज फार पूर्वीपासून सेकंदास सुमारे १७ आवर्तनांचीच आहे, म्हणून तेथील इंजिनांना तेवढ्याच शक्तीसाठीं अधिक अवजड ट्रान्स्फॉर्मर वाहावा लागतो. उलट विमानांत प्रत्येक किलोग्रॅमचा हिशेब असतो. तेथें ४०० आवर्तनांची वीज वापरण्याची प्रथा पडली ती वजन वांचविण्यासाठींच.

रेल्वेचा विषय निघालाच आहे, तर डहाणू रोड स्थानकावर उभें राहून विद्यार्थ्यांनीं वरील तारेकडे एकवार पाहावें. तींत २५,००० व्होल्टची, ५० आवर्तनांची वीज असते. चर्चगेट ते विरार या टप्प्यांत मात्र पूर्वीं १,५०० व्होल्टची एकदिश वीज होती. तें परिवर्तन २०१२ सालीं पुरें झालें आणि एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत येऊं लागल्या. या गाडीच्या पोटांत ट्रान्स्फॉर्मर आहे, विजेला एक दिशा लावणारें यंत्र आहे, आणि त्या एकदिश विजेचे पुन्हां झपाट्यानें तुकडे करून मोटारींना देणारे ट्रान्झिस्टरहि आहेत. गाडी सुटतांना खालून जो चढत जाणारा सूर ऐकूं येतो तो बराचसा या तुकडे करण्याचाच. म्हणजे ज्या नव्या रीतीविषयीं आम्ही आतां लिहिणार, तिचा थोरला भाऊ आमच्या स्थानकांत रोज येतो.

नवी रीति अशी. भिंतींतील वीज ट्रान्स्फॉर्मरकडे न नेतां प्रथमच डायोडांतून काढून एकदिश करावयाची. तिचा दाब आतां सुमारे ३२५ व्होल्ट होतो, कारण २३० हा आंकडा सरासरीचा असून झोक्याचें शिखर त्याच्या १.४१ पट असतें. मग एक ट्रान्झिस्टर सेकंदास पन्नास हजार, लाख, कधीं त्याहूनहि अधिक वेळां उघडझांप करून या विजेचे तुकडे पाडतो. ते तुकडे एका चिमुकल्या ट्रान्स्फॉर्मरमध्यें शिरतात. याचा गाभा लोखंडाचा असून भागत नाहीं. इतक्या वेगांत लोखंड स्वतःच तापून जाईल. म्हणून तो फेराइट नांवाच्या काळ्या, भाजलेल्या मातीच्या भांड्यासारख्या ठिसूळ पदार्थाचा करतात. फेराइटमध्यें लोखंडाच्या मानानें चुंबकत्व कमी मावतें, तरीहि पन्नास हजार आवर्तनांत अवघ्या एक चौरस सेंटिमीटरच्या गाभ्यावर एका वेढ्यास ४ व्होल्ट मिळतात. साडेआठशें वेढ्यांच्या जागीं ऐंशी पुरतात.

घोलवड-बोर्डीकडील चिकूच्या वाड्यांत जुन्या विहिरी पाहिलेल्या वाचकांस मोट व रहाट यांतला भेद सांगावयास नको. मोट एका खेपेस पुष्कळ पाणी आणते, पण खेपा थोड्या, आणि पाणी उसळून येतें. तिच्यासाठीं दांडगे बैल व मोठी थारोळी हवी. रहाटाचीं गाडगीं लहान, परंतु एकामागून एक इतकीं येतात कीं पाटांतील पाणी जवळजवळ अखंड वाहतें. लिनियर म्हणजे मोट, स्विचिंग म्हणजे रहाट. गाडगीं लवकर लवकर येत असल्यामुळें पुढचा कंडेन्सरहि लहान चालतो. वर १०,००० मायक्रोफॅरडला दाब २ व्होल्टनीं ढळला होता. सेकंदास लाख तुकडे येत असतां १,००० मायक्रोफॅरडलाहि तो हिशेबानें दोन शतांश व्होल्टच ढळतो.

याखेरीज स्विचिंग पेटींत एक पहारेकरी असतो. बाहेर पडणारा दाब ठरल्याप्रमाणें आहे कीं नाहीं हें तो अहर्निश पाहतो, आणि दाब उतरला कीं ट्रान्झिस्टर प्रत्येक वेळीं जरा अधिक काळ उघडा ठेवतो. लिनियरमध्येंहि पहारेकरी ठेवतां येतो, परंतु तो जास्तीचा दाब उष्णता करून फेंकून देतो : १८ व्होल्ट घेऊन १२ द्यावयाचे आणि प्रवाह २ अँपिअर, तर १२ वॉट हवेंत गेलेच. काटेकोर शास्त्रज्ञ ‘लिनियर’ हें नांव अशा पहारेकऱ्यालाच देतात. बाजारांतील मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्यें मुख्य भागाला असा पहारा बहुधा नसतोच. पण बोलीभाषेंत सर्वच जड पेट्यांना लिनियर म्हणण्याचा प्रघात आहे, आणि आम्हीहि येथें तोच पाळला आहे.

हा सगळा प्रकार फार नवा नव्हे. १९७७ सालच्या ‘अ‍ॅपल २’ संगणकांत स्विचिंग पेटी होती, आणि त्याच दशकाच्या अखेरीस सोनी कंपनीनें गाण्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्यें ती घालून पाहिली. परंतु ‘स्विचिंगचें गाणें कोरडें लागतें’ हा प्रवाद रसिकांत अजूनहि पुष्कळ ऐकूं येतो. आमचें मत असें कीं दोन्ही पेट्या नीट बांधलेल्या असतील तर पडद्याआडून ऐकणाऱ्यास भेद सांगतां येणें दुर्घट आहे. स्कॉटलंडमधील लिन ही मान्यवर कंपनी आपल्या किमती अ‍ॅम्प्लिफायरमध्यें स्विचिंग पेट्याच वापरीत आली आहे. वाद असतो तो वाईट बांधलेल्या पेट्यांचा, आणि गरिबाच्या वांट्यास बहुधा त्याच येतात.

आतां आमच्या तालुक्यांकडे वळूं. डहाणूच्या किनाऱ्यावर ५०० मेगावॉट क्षमतेचें औष्णिक विद्युत् केंद्र १९९५ च्या सुमारास सुरू झालें, पण तें मुंबईच्या उपनगरांसाठीं उभारलेलें. त्याची चिमणी दिसते म्हणून घरांतील दाब भरपूर असेल असें कोणीं समजूं नये. गांवच्या ट्रान्स्फॉर्मरपासून जो पाडा लांब, तेथपर्यंत जाणारी तार लांब. आणि संध्याकाळीं दिवे, पंखे व पंप एकदम चालू झाले म्हणजे त्या तारेंतच कांहीं व्होल्ट खर्ची पडतात. समजा २३० च्या जागीं १८० उरले. पहारा नसलेल्या लिनियर अ‍ॅम्प्लिफायरची शक्ति दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटते, म्हणजे ५० वॉटचे सुमारे ३० राहतात. हें ऐकून पालक घाबरतील, पण कानाला तेवढ्यानें फारसें उणें भासत नाहीं. फक्त आवाज मोठा केला कीं तो लवकर फाटतो.

खरी गोम निराळीच आहे. त्याच पेटींत पुढच्या बारीक भागासाठीं, म्हणजे माइक व ब्लूटूथ वगैरेंसाठीं, १२ व्होल्टचा एक लहान पहारेकरी असतो, आणि आपलें काम करण्यास त्यास निदान १४ व्होल्ट यावे लागतात. भिंतींत २३० असतांना त्याला १५-१६ मिळतात. १८० झाले कीं तेच १२-१३ वर येतात. पहारेकरी झोंपतो, व शंभर आवर्तनांची उसळी थेट गाण्यांत शिरते. दिवसा स्वच्छ वाजणारा अ‍ॅम्प्लिफायर भजनाच्या वेळींच कां गुणगुणतो, हें कोडें पुष्कळांना पडतें. बहुतेक वेळीं उत्तर हेंच असतें, आणि त्यासाठीं कर्णा बदलून कांहींहि उपयोग होत नाहीं. ज्या स्विचिंग पेटीवर ‘१०० ते २४०’ असा आंकडा छापलेला असेल तिला मात्र १८० व्होल्ट हें संकट वाटतच नाहीं. तलासरीकडील दूरच्या पाड्यावरच्या घरासाठीं आम्ही तीच घ्या असें सांगूं.

परंतु पावसाळा येतो. वीज कडाडते, तारांवर फांदी पडते, गेलेली वीज धक्का देत परत येते. जुन्या ट्रान्स्फॉर्मरचें तांबें-लोखंड असे क्षणिक तडाखे पुष्कळसे सोसतें. स्विचिंग पेटींत मात्र भिंतीच्या दाराशींच तो नाजूक ट्रान्झिस्टर बसलेला. एका तडाख्यांत तो जातो आणि जातांना शेजाऱ्यांनाहि घेऊन जातो. म्हणून गडगडाट ऐकूं आला कीं बटण बंद करून थांबूं नये, पिनच काढून ठेवावी. दुरुस्तीचेंहि तसेंच. लिनियर पेटी बिघडली तर डायोड किंवा कंडेन्सर बदलून गांवचा कारागीर ती बहुधा उभी करतो. स्विचिंगचे सुटे भाग पाहावे तर ते पुष्कळदां मुंबईस ग्रँट रोडजवळील लॅमिंग्टन रोडवरच मिळावयाचे. गाडीभाडें व गेलेला दिवस धरला तर नवी पेटी घेणें स्वस्त पडतें, आणि जुनी उकिरड्यावर जाते. आम्हांला हें पटत नाहीं, पण हिशेब तसा आहे खरा.

गाण्याची भूक एकसारखी नसते, हीहि गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. आलाप चालला असतांना अ‍ॅम्प्लिफायर दोन-तीन वॉटवर संतुष्ट असतो. ढोलावर थाप पडली कीं क्षणभर पन्नास मागतो. लिनियर ट्रान्स्फॉर्मर अशा क्षणीं आपल्या नेमलेल्या शक्तीहून बरीच अधिक देऊं शकतो, कारण तो तापण्यास वेळ लागतो. स्विचिंगमधील पहारेकरी मर्यादा ओलांडूं देत नाहीं. तो पुरवठाच तोडतो आणि गाणें उचकी लागल्यासारखें थांबून थांबून येतें. म्हणून स्विचिंग घेतांना पेटीवरील वॉट अ‍ॅम्प्लिफायरच्या गरजेहून सढळ असावेत.

रेडिओ ऐकणाऱ्यांसाठीं आणखी एक. साठ हजार आवर्तनांनीं तुकडे पाडणारी पेटी आपल्या नवव्या पटींत ५४०, दहाव्या पटींत ६०० किलोहर्ट्झ असा कचरा हवेंत सोडते, आणि मध्यमलहरींचा पट्टा नेमका तेथूनच सुरू होतो. चांगल्या पेटींत हा कचरा अडविण्यासाठीं गाळण्या असतात. स्वस्त पेटींत त्यांच्या जागा रिकाम्याच सांपडतात. आकाशवाणी लावली असतां खरखर येऊं लागली, तर पेटीची पिन काढून पाहावी म्हणजे चोर सांपडेल.

याच गाळण्यांमुळें एक निराळा प्रश्न उद्भवतो व तो पालकांनीं विशेष ध्यानांत ठेवावा. त्यांतील लहान कंडेन्सर जमिनीच्या तारेकडे अगदीं थोडी वीज सोडतात. घरांत अर्थिंग नसलें, किंवा तीन पायांची पिन दोन पायांच्या जागेंत कशीबशी बसविली असली, तर ती वीज अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यावर थांबते आणि बोट लावतांच मुंग्या येतात. ही वीज अत्यल्प असते. तथापि खरोखर बिघडलेल्या पेटीचा झटका आणि ह्या मुंग्या यांतील फरक बोटानें ठरविण्याची गोष्ट नव्हे, विशेषतः पावसांत, ओल्या पायांनीं. मुंग्या आल्या कीं वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावें. कोळसा व मीठ घालून पुरलेला अर्थिंगचा खड्डा वैशाखांत कोरडा पडतो. त्यांत आठवड्यास बादलीभर पाणी ओतल्यानें पुष्कळ काम होतें.

तेव्हां निवड कशी करावी ? ज्यांच्या घरीं दाब स्थिर आहे, कपाटांत जागा आहे, आणि एकदां घेतलेली वस्तु वीस वर्षें चालावी अशी इच्छा आहे, त्यांनीं वाटोळ्या ट्रान्स्फॉर्मरची लिनियर पेटी खुशाल घ्यावी. समुद्रकांठीं खाऱ्या हवेनें पत्रा व सोल्डर खराब होतात तें दोहोंसहि सारखेंच; त्यासाठीं अ‍ॅम्प्लिफायर खिडकीसमोर ठेवूं नये, आणि त्याच्या झरोक्यांवर रुमाल घालून शोभाहि आणूं नये. हल्लीं चोवीस व्होल्टवर चालणारे जे चिमुकले अ‍ॅम्प्लिफायर मिळतात त्यांच्या जोडीला स्विचिंग पेटीच शोभते. तेथें जड ट्रान्स्फॉर्मर म्हणजे शेळीला बैलाचें जूं.

ज्या विद्यार्थ्यांस स्वतः किट जोडून शिकावयाचें आहे त्यांनीं मात्र लिनियरपासूनच आरंभ करावा, व तोहि शिक्षकांच्या देखरेखीखालीं. ट्रान्स्फॉर्मरची भिंतीकडील बाजू झांकून टाकली कीं पलीकडे दहावीस व्होल्टच उरतात, आणि उसळी कशी सपाट होते हें डोळ्यांनीं पाहतां येतें. स्विचिंग पेटी उघडण्याचा मोह कोणींहि धरूं नये. तिच्यांतील शंभर मायक्रोफॅरडचा कंडेन्सर अंगठ्याएवढाच दिसतो, पण ३२५ व्होल्टला भरलेला असतां त्यांत पांच ज्यूलहून अधिक शक्ति दडलेली असते, जवळजवळ तेवढीच जेवढी लिनियरच्या त्या थोरल्या, ३५ व्होल्टच्या दहा हजार मायक्रोफॅरडमध्यें. फरक एवढाच कीं ३५ व्होल्ट कोरड्या कातडीला सहसा जाणवत नाहींत, आणि ३२५ व्होल्ट पिन काढल्यावरहि कांहीं वेळ तसेच वाट पाहत बसलेले असूं शकतात.